थुनार: वर्कस्टेशनवरील एका साध्या फाइल व्यवस्थापकाचा समजून-उमजून वापर

वर्कस्टेशनवर काम करताना फाइली उघडणे, हलवणे, शोधणे आणि त्यांना नावे देणे यांत बराच वेळ जातो, आणि तरीही या कामासाठी असलेला कार्यक्रम शिकून घ्यावा असे फार थोड्यांना वाटते. खिडकी उघडली की फोल्डर दिसतात, दोनदा क्लिक केले की फाइल उघडते, एवढ्यावर काम भागते असा समज असतो. प्रत्यक्षात फाइल हरवणे, जुनी प्रत नव्या प्रतीवर लिहिली जाणे, पेनड्राइव्हवर नेलेली फाइल अर्धवट निघणे असे बहुतेक अपघात याच खिडकीत घडतात. या लेखात लिनक्स वर्कस्टेशनवरील थुनार हा फाइल व्यवस्थापक डोळ्यांसमोर ठेवून कामाच्या पद्धती सांगितल्या आहेत. नॉटिलस, डॉल्फिन किंवा पीसीमॅनएफएम वापरणाऱ्यांनाही त्यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील, कारण पडद्यावरची मांडणी वेगळी असली तरी खाली डिस्कवर घडणाऱ्या क्रिया त्याच असतात.

थुनार हा एक्सएफसीई या डेस्कटॉपचा, म्हणजे लिनक्सवरील खिडक्या व मेनूंच्या एका संचाचा, भाग आहे. एक्सएफसीईचे काम १९९६ साली सुरू झाले आणि जानेवारी २००७ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीत जुन्या फाइल व्यवस्थापकाच्या जागी थुनार आला. लवकर उघडावा, कमी स्मृती वापरावी आणि नेमके तेवढेच काम नीट करावे, हे त्याचे धोरण तेव्हापासून कायम आहे. पुढे उल्लेख येणाऱ्या काही सोयी, विशेषतः दुभागलेली खिडकी, केलेली क्रिया मागे घेणे आणि उपफोल्डरांसह शोध, या डिसेंबर २०२२ मधील ४.१८ या आवृत्तीपासून मिळतात. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर त्या दिसणार नाहीत.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. फाइल व्यवस्थापक स्वतःजवळ काहीही साठवत नाही. काही छायाचित्र-कार्यक्रम फाइली आपल्या संग्रहात ओढून घेतात, तसे येथे होत नाही. खिडकीत दिसणारा फोल्डर म्हणजे डिस्कवरचाच फोल्डर असतो आणि टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीतून, पाहिले तरी तोच दिसतो. म्हणून खिडकीतील प्रत्येक हालचालीला डिस्कवरची एक ठरावीक क्रिया जोडलेली असते. ती क्रिया कोणती हे ओळखता आले की वापरात धास्ती राहत नाही आणि बेफिकिरीही राहत नाही.

खिडकी आणि तिची मांडणी

थुनारच्या खिडकीत डावीकडे एक पट्टी, वर पत्त्याची जागा, मध्ये फोल्डरातील वस्तू आणि तळाशी स्थितिपट्टी असते. डावी पट्टी दोन रूपांत दाखवता येते. कंट्रोल व बी या कळांनी नेहमीच्या जागांची यादी येते आणि कंट्रोल व ई या कळांनी फोल्डरांचे झाड येते. रोजच्या कामाला यादी पुरते. अनोळखी डिस्कची रचना समजून घ्यायची असेल तेव्हा झाड उपयोगी पडते.

वारंवार लागणारा फोल्डर या यादीत ओढून सोडला की तिथे त्याची खूण तयार होते. मात्र सोडताना जागा पाहावी. दोन नोंदींच्या मधल्या फटीत सोडला तर खूण बनते. एखाद्या नोंदीवरच सोडला तर तो फोल्डर त्या नोंदीच्या आत हलवला जातो. ‘माझा फोल्डर अचानक नाहीसा झाला’ ही तक्रार अनेकदा येथूनच सुरू होते. ओढण्याऐवजी फोल्डर निवडून मेनूतून खूण करणे अधिक सुरक्षित आहे.

मधल्या भागासाठी तीन दृश्ये आहेत: कंट्रोल व १ ने मोठी चिन्हे, कंट्रोल व २ ने तपशीलवार यादी आणि कंट्रोल व ३ ने आटोपशीर यादी. माझे स्पष्ट मत असे की छायाचित्रांचा फोल्डर सोडला तर बाकी सर्व कामांसाठी तपशीलवार यादीच ठेवावी. चिन्हांच्या दृश्यात फाइलचे नाव आणि रूप दिसते, पण तिचा आकार, ती शेवटची केव्हा बदलली आणि तिचा प्रकार कोणता हे दिसत नाही. आणि दोन सारख्या नावांच्या फाइलींतून योग्य ती निवडायची वेळ येते तेव्हा उपयोग याच माहितीचा होतो. यादीच्या वरच्या शीर्षकावर क्लिक केले की त्या स्तंभानुसार क्रम लागतो. ‘काल संध्याकाळी काम केलेली फाइल कुठे आहे’ या प्रश्नाला बदलाच्या तारखेवर एक क्लिक हे बहुतेक वेळा पुरेसे उत्तर असते. व्ह्यू मेनूतून मालक व परवानग्या यांचे स्तंभही दाखवता येतात.

पत्त्याच्या जागेत थेट लिहायचे असेल तर कंट्रोल व एल दाबावे. खोलवरच्या फोल्डरात पोहोचण्यासाठी आठ-दहा क्लिक करण्यापेक्षा पत्ता लिहिणे किंवा दुसरीकडून चिकटवणे कितीतरी सोपे जाते. एका पातळीने वर जाण्यासाठी ऑल्ट आणि वरचा बाण वापरावा. उघड्या फोल्डरात नुसते टंकायला सुरुवात केली तरी त्या अक्षरांनी सुरू होणारी फाइल निवडली जाते.

ज्यांची नावे टिंबाने सुरू होतात त्या फाइली व फोल्डर लपलेले असतात आणि कंट्रोल व एच ने ते दिसू लागतात. कार्यक्रमांच्या मांडण्या आणि तात्पुरता साठा सहसा अशाच फोल्डरांत असतो. डिस्क भरल्याची सूचना आली आणि दिसणाऱ्या फाइलींच्या बेरजेत ती जागा सापडत नसेल, तर आधी लपलेले फोल्डर पाहावेत. पाहून झाल्यावर ते पुन्हा झाकावेत, कारण सगळे निवडून काही हलवताना किंवा काढताना लपलेल्या वस्तूही निवडीत ओढल्या जाण्याचा धोका असतो.

स्थितिपट्टीकडे फारसे कोणी पाहत नाही, ते पाहण्याची सवय लावावी. किती वस्तू निवडल्या, त्यांचा एकूण आकार किती आणि डिस्कवर मोकळी जागा किती, हे तिथे दिसते. येथील आकड्यांबाबत एक खुलासा करायला हवा. डिस्क तयार करणारे एक टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतात. फाइल व्यवस्थापकात दोनच्या घातांत मोजणारी द्विमान पद्धत निवडलेली असेल तर एक गिबिबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरले जातात आणि तीच डिस्क सुमारे ९३१ गिबिबाइटांची दिसते. जागा कुठे गेलेली नसते, मोजण्याचे माप तेवढे बदललेले असते. हे माप प्रिफरन्सेसमधून बदलता येते.

निवड

अनेक वस्तू निवडण्यासाठी कंट्रोल धरून एकेकीवर क्लिक करणे आणि शिफ्ट धरून सलग टप्पा निवडणे सर्वांना माहीत असते. त्यापेक्षा कमी माहीत असलेली सोय म्हणजे नमुन्यावरून निवड. कंट्रोल व एस दाबले की नमुना विचारला जातो. त्यात तारकाचिन्ह म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. शेकडो फाइलींतून एकाच विस्ताराच्या (विस्तार म्हणजे नावातील शेवटच्या टिंबापुढचा भाग) फाइली निवडायच्या असतील तर हे क्षणाचे काम आहे. ‘या दहा सोडून बाकी सगळ्या’ असे हवे असेल तर आधी त्या दहा निवडाव्यात आणि मग कंट्रोल, शिफ्ट व आय या कळांनी निवड उलटी करावी. कोणतीही मोठी क्रिया करण्याआधी स्थितिपट्टीवरील संख्या आपल्या अपेक्षेशी जुळते का, हे पाहून घ्यावे.

प्रत आणि स्थलांतर

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक नुकसान येथेच होते.

डिस्कवर फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि तिचे नाव फोल्डरातील नोंदीत असते. एकाच फाइल सिस्टिममध्ये (म्हणजे डिस्कच्या एका विभागावर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेत) फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तर फक्त नोंद बदलते, मजकूर जागचा हलत नाही. म्हणून पन्नास गिबिबाइटांचा फोल्डरही पापणी लवते न लवते तोच हललेला असतो. वेगळ्या डिस्कवर किंवा त्याच डिस्कच्या वेगळ्या विभागावर हलवले तर मात्र सर्व मजकूर आधी तिकडे लिहावा लागतो आणि मग मूळ पुसले जाते. त्याला वेळ लागतो आणि मध्येच वीज गेली किंवा तार निघाली तर काही फाइली इकडे आणि काही तिकडे अशी स्थिती होते. या कारणाने दुसऱ्या डिस्कवर काही न्यायचे असेल तेव्हा थेट हलवू नये. आधी प्रत करावी, दोन्हीकडचे फोल्डर एकेक करून निवडावेत, ऑल्ट व एंटरने प्रॉपर्टीज उघडून आतील वस्तूंची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, आणि ते जुळल्यावरच मूळ काढावे. यात दोन मिनिटे अधिक जातात, ती जाऊ द्यावीत.

माउसने ओढल्यावर काय होईल हेही याच भेदावर ठरते. त्याच फाइल सिस्टिममध्ये ओढले तर वस्तू हलते, दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ओढले तर तिची प्रत होते. नियम सुसंगत आहे, पण कोणता फोल्डर कोणत्या विभागावर आहे हे पडद्यावर दिसत नसल्यामुळे वापरणाऱ्याला तो लहरी वाटतो. म्हणून ओढताना हेतू स्वतःच सांगावा: कंट्रोल धरून ओढल्यास नेहमी प्रत होते, शिफ्ट धरल्यास नेहमी स्थलांतर होते, दोन्ही धरल्यास दुवा (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी वस्तू) बनतो. हे लक्षात राहत नसेल तर माउसची उजवी कळ दाबून ओढावे. सोडल्यावर प्रत, स्थलांतर, दुवा की रद्द असे विचारले जाते. नवशिक्याला मी हीच पद्धत सुचवेन, कारण निर्णय करण्यापूर्वी एक थांबा मिळतो.

कीबोर्डने काम करताना कंट्रोल व एक्स दाबल्याने फाइल लगेच कुठे जात नाही. ती फक्त फिकी दिसते आणि दुसरीकडे चिकटवेपर्यंत जागेवरच राहते, तेव्हा मधेच विचार बदलला तरी काही बिघडत नाही. दोन फोल्डरांमध्ये सतत ये-जा असेल तर एफ ३ दाबून खिडकी दुभागावी. एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला गंतव्य समोर असले की चुकीच्या फोल्डरात चिकटवण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

गंतव्य फोल्डरात त्याच नावाची फाइल आधीच असेल तर थुनार विचारतो. या प्रश्नाला सवयीने ‘सगळ्या बदला’ असे उत्तर देणे हा फाइल गमावण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. खिडकीत दोन्ही फाइलींचे आकार आणि बदलाच्या तारखा दिलेल्या असतात, त्या वाचाव्यात. नवीन तारखेची फाइल अधिक चांगलीच असते असे नाही. चुकून रिकामी जतन झालेली फाइलही नवीन तारखेचीच असते, म्हणून आकारही पाहावा. शंका असेल तर नाव बदलून दोन्ही ठेवाव्यात आणि उघडून तुलना करावी. जिच्यावर नवी फाइल लिहिली गेली ती जुनी फाइल ट्रॅशमध्ये (काढलेल्या फाइली राखून ठेवणाऱ्या टोपलीत) जात नाही, हे येथे विसरू नये.

दुव्यांविषयी थोडेसे. मेक लिंकने बनतो तो सांकेतिक दुवा, म्हणजे ‘खरी फाइल अमुक ठिकाणी आहे’ एवढे सांगणारी छोटी वस्तू. दुवा काढला तरी खरी फाइल राहते. खरी फाइल हलवली तर दुवा तुटतो. पण फोल्डराच्या दुव्यातून आत जाऊन तिथली एखादी फाइल काढली, तर ती खरोखरच काढली जाते.

काढून टाकणे

डिलीट कळ दाबल्यावर फाइल पुसली जात नाही, ट्रॅशमध्ये जाते. डेस्कटॉप कार्यक्रमांत यासाठी एक सामाईक संकेत ठरलेला आहे: फाइल एका फोल्डरात हलवली जाते आणि ती मूळ कोणत्या ठिकाणी होती व केव्हा काढली, याची नोंद शेजारच्या दुसऱ्या फोल्डरात लिहिली जाते. त्या नोंदीमुळेच ट्रॅशमधून परत आणताना फाइल नेमकी आपल्या जुन्या जागी जाते. थुनारने काढलेली फाइल हा संकेत पाळणाऱ्या दुसऱ्या फाइल व्यवस्थापकातूनही परत आणता येते, ते यामुळेच.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ट्रॅशमध्ये टाकल्याने डिस्कवर जागा मोकळी होत नाही, कारण मजकूर आहे तिथेच असतो. ट्रॅश रिकामी केल्यावरच जागा सुटते. पेनड्राइव्हच्या बाबतीत हे हमखास लक्षातून निसटते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल त्याच पेनड्राइव्हवरील एका लपलेल्या फोल्डरात जाते, त्यामुळे सगळे काढूनही तो भरलेलाच दिसतो. आणि तो काढून दुसऱ्याच्या हाती दिला तर ‘काढलेल्या’ फाइलीही त्याच्यासोबत जातात. गोपनीय कागदपत्रे असलेला पेनड्राइव्ह देण्यापूर्वी तो जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामी करावी, आणि लपलेल्या वस्तू दाखवून एकदा खात्रीही करून घ्यावी.

शिफ्ट व डिलीट एकत्र दाबल्यास ट्रॅश टाळून फाइल कायमची काढली जाते. कंट्रोल व झेड ने नाव बदलणे, हलवणे, ट्रॅशमध्ये टाकणे अशा साध्या क्रिया मागे घेता येतात, पण कायमचे काढलेले परत येत नाही. नेटवर्कवरील जागांवर पुष्कळदा ट्रॅशची सोयच नसते. तिथे थुनार ‘कायमचे काढायचे का’ असे विचारतो. नेहमीच्या डिलीट कळेने हा वेगळा प्रश्न समोर आला तर त्याचा अर्थ आपण वेगळ्या प्रकारच्या जागेत आहोत असा घ्यावा आणि थांबून विचार करावा.

नावे

लिनक्सवर फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य मूल्याचा बाइट सोडून जवळपास काहीही चालते, आणि रोमन अक्षरांत मोठी व लहान अक्षरे वेगळी मानली जातात. एवढी मोकळीक असली तरी नावे संयमाने ठेवावीत. विशेषतः फाइल पुढे दुसऱ्या यंत्रणेवर जाणार असेल तर अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारकाचिन्ह, अवतरणचिन्ह आणि उभी रेघ टाळावी, कारण फॅट (पेनड्राइव्हवर सर्रास आढळणारी एक फाइल सिस्टिम) पद्धतीच्या पेनड्राइव्हवर अशी नावे लिहिताच येत नाहीत आणि प्रत मध्येच अडते.

मराठीत नावे ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली लांबीची. लिनक्सवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी ४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, अक्षरांची नव्हे. साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त यांचीही स्वतंत्र मोजणी होते. ‘पुस्तक’ हा तीन अक्षरांचा शब्द संगणकाच्या हिशेबात सहा चिन्हांचा आणि १८ बाइटांचा असतो. म्हणजे देवनागरी नावाला एकूण ८५ चिन्हांचीच जागा मिळते, आणि पत्राचा संपूर्ण विषय नावात लिहिणाऱ्याला ‘नाव फार लांब आहे’ हा संदेश अनपेक्षितपणे दिसतो. नाव आखूड करणे हाच त्यावर उपाय.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एक ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी नावे असतात. एकाच फोल्डरात हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसणे, किंवा डोळ्यांसमोर असलेली फाइल शोधात न सापडणे, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. ज्या गटात अनेक जण वेगवेगळ्या कीबोर्ड-मांडण्या वापरतात तिथे फाइलनावांसाठी असे शब्द टाळलेले बरे. किंवा शोधताना शब्दाचा तो भाग वगळून उरलेली अक्षरे लिहावीत.

तारीख नावात घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा आणि महिना व दिवस दोन अंकी लिहावेत. मग नावानुसार लावलेला क्रमच कालक्रम ठरतो. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरे अंतिम’ अशी नावे देण्याऐवजी आवृत्तीचा क्रमांक द्यावा.

अनेक फाइलींची नावे एकदम बदलण्यासाठी त्या निवडून एफ २ दाबावे. त्याने बल्क रिनेमची खिडकी उघडते, आणि थुनारमधील मला सर्वांत आवडणारी सोय हीच आहे. तीत क्रमांक घालणे, तारीख घालणे, मजकूर शोधून बदलणे, ठरावीक जागेवरील अक्षरे काढणे असे पर्याय असतात. एका बाजूला जुने नाव आणि शेजारी होणारे नवे नाव आधीच दिसते, त्यामुळे बदल अमलात आणण्यापूर्वी पूर्ण यादी नजरेखालून घालता येते. बदल फक्त नावाला लावायचा, फक्त विस्ताराला की दोन्हींना, हेही ठरवता येते. सहसा फक्त नावालाच लावावा, नाहीतर विस्तार बदलून फाइली चुकीच्या कार्यक्रमात उघडू लागतात. क्रमांक घालताना फाइली ज्या क्रमाने यादीत आहेत त्याच क्रमाने क्रमांक पडतात, म्हणून आधी यादीचा क्रम तपासावा.

परवानग्या

प्रॉपर्टीजमधील परमिशन्स या भागात मालक, गट आणि इतर यांना काय करता येईल ते दिसते. वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्या असतात. फोल्डरासाठी ‘चालवणे’ याचा अर्थ आत प्रवेश करणे असा होतो. एक नियम बहुतेकांना चकवतो: फाइल काढून टाकण्याचा अधिकार त्या फाइलच्या परवानगीवर नसून ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर अवलंबून असतो. काढणे म्हणजे फोल्डरातील नोंद पुसणे, आणि ती नोंद फोल्डराची असते. म्हणून ‘फक्त वाचनासाठी’ केलेली फाइलसुद्धा, फोल्डरात लिहिण्याची परवानगी असलेला कोणीही काढू शकतो. सामाईक वर्कस्टेशनवर फाइल जपायची असेल तर फोल्डराची परवानगी आवळावी. तात्पुरत्या फाइलींचा सामाईक फोल्डर याला अपवाद आहे. तिथे विशेष खूण लावलेली असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्याच फाइली काढता येतात.

परवानगी नसल्याचा संदेश आला की संपूर्ण फाइल व्यवस्थापक प्रशासकाच्या अधिकाराने उघडण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या खिडकीतील एक चुकीची ओढ यंत्रणेच्या फाइली हलवू शकते, आणि तिथे तयार झालेल्या फाइलींची मालकी प्रशासकाकडे गेल्यामुळे नंतर आपल्याच फोल्डरात आपल्यालाच अडथळे येतात. अडलेली ती एक फाइल किंवा तो एक फोल्डर यापुरतीच परवानगी दुरुस्त करून घ्यावी.

बाहेरची डिस्क

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडली की ती डाव्या पट्टीत येते. काम झाल्यावर तिच्या नावाशेजारील इजेक्टच्या चिन्हावर क्लिक करावे आणि काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे. प्रत होत असल्याची पट्टी पूर्ण झाली म्हणजे सगळा मजकूर पेनड्राइव्हवर पोहोचला असे नसते. वेग राखण्यासाठी यंत्रणा तो आधी स्मृतीत घेते आणि नंतर सवडीने लिहिते. मोठी फाइल काही सेकंदांत ‘गेली’ असे दिसते ते यामुळे, आणि इजेक्ट केल्यावर बराच वेळ वाट पाहावी लागते तीही यामुळेच. त्या वेळात घाईने पेनड्राइव्ह ओढून काढला तर फाइलचे नाव तिथे असते, पण आतला मजकूर अपुरा असतो.

फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार गिबिबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग मोकळी जागा कितीही असो. तसेच लिनक्सच्या परवानग्या आणि सांकेतिक दुवे तिथे टिकत नाहीत. प्रकल्पाचा पूर्ण फोल्डर त्यावर न्यायचा असेल तर आधी त्याची एक संकुचित फाइल बनवून ती न्यावी. टार पद्धतीच्या अशा फाइलमध्ये दुवे आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात.

दूरचा संगणक

जीव्हीएफएस ही, दूरच्या जागा फोल्डरासारख्या दाखवणारी, जोड बसवलेली असेल तर दुसऱ्या संगणकावरील फोल्डरही याच खिडकीत उघडता येतो. पत्त्याच्या जागेत एसएफटीपी (नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धतीचे नाव, रोमन अक्षरांत sftp), मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, वापरकर्त्याचे नाव, ॲटचे चिन्ह आणि त्या संगणकाचे नाव असे लिहावे. पासवर्ड दिल्यावर तो फोल्डर स्थानिक फोल्डरासारखाच दिसू लागतो. तो तसा दिसतो, पण प्रत्येक क्रिया नेटवर्कवरून जाते, हे ध्यानात ठेवूनच काम करावे. प्रिफरन्सेसमध्ये छोटी चित्रे ‘फक्त स्थानिक फाइलींसाठी’ असा पर्याय आहे, तो निवडावा. अन्यथा छायाचित्रांनी भरलेला दूरचा फोल्डर उघडताच प्रत्येक चित्र नेटवर्कवरून ओढले जाते आणि खिडकी रखडते. दूरची मोठी फाइल तिथेच उघडून संपादित करण्यापेक्षा ती आपल्याकडे घ्यावी, काम करावे आणि वेगळ्या नावाने परत पाठवावी. मध्येच जोडणी तुटली तरी तिकडची मूळ फाइल शाबूत राहते.

स्वतःच्या क्रिया

एडिट मेनूतील कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स येथे उजव्या क्लिकच्या मेनूत आपल्या आज्ञा घालता येतात. फोल्डरात टर्मिनल उघडण्याची एक क्रिया तिथे सुरुवातीपासूनच असते. नवी क्रिया लिहिण्याआधी ती उघडून पाहावी म्हणजे रचना कळते. आज्ञेत टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून लहान एफ लिहिला तर त्या जागी निवडलेल्या पहिल्या फाइलचा पत्ता येतो. मोठा एफ लिहिला तर सर्व निवडलेल्या फाइलींचे पत्ते येतात. हा फरक चुकला तर दहा फाइली निवडूनही क्रिया एकाच फाइलवर होते आणि बाकीच्या राहून गेल्याचे उशिरा लक्षात येते. दुसऱ्या भागात ही क्रिया कोणत्या प्रकारच्या फाइलींवर दिसावी ते ठरवता येते. चित्रांचा आकार कमी करणारी क्रिया फक्त चित्रांवरच दिसेल असे करावे, नाहीतर उजव्या क्लिकचा मेनू गर्दीने निरुपयोगी होतो. फाइलींमध्ये बदल करणारी प्रत्येक नवी क्रिया आधी एखाद्या फोल्डराची प्रत करून तिच्यावर चालवून पाहावी, आणि मूळ फाइल बदलण्याऐवजी नव्या नावाची फाइल तयार होईल अशीच आज्ञा लिहावी. कारण अशा क्रियेने केलेले बदल कंट्रोल व झेड ने मागे घेता येत नाहीत.